न दिसणारा सात

भाऊ त्या सभेत बोलणारच नव्हते. सोसायटीच्या सभेला जायचं, मागच्या रांगेतली खांबाआडची खुर्ची पकडायची, हजेरीपटावर सही करायची आणि चहा येईपर्यंत डोळे उघडे ठेवून झोपायचं, हा त्यांचा बावीस वर्षांचा शिरस्ता. एका कंपनीचा संगणक दुसऱ्या कंपनीच्या संगणकाशी नीट बोलतोय ना, हे बघणं ही त्यांची नोकरी. दिवसभर यंत्रांची भांडणं सोडवून आलेल्या माणसाला चोवीस बिऱ्हाडांची भांडणं ऐकण्याची ताकद उरत नाही. पण त्या दिवशी चहाला उशीर झाला आणि अध्यक्षांनी पाण्याचा विषय काढला.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त वजनमापे निरीक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासल्यामुळे त्यांचा कशावरच विश्वास नसे, सरकारी पत्रांवर मात्र भलताच असे. त्यांनी पाणी खात्याचं पत्र उभं राहून वाचलं. शहरातल्या जुन्या पाइपांचं काम निघाल्याने पाण्याची वेळ रोज बदलणार होती. आजवर ती वेळ खात्यातला कारकून फोन करून पहारेकऱ्याला सांगायचा. ते आता बंद. यापुढे वेळ वेबसेवेतून मिळेल, म्हणजे इमारतीच्या संगणकाने खात्याच्या संगणकाला विचारायचं आणि तो उत्तर देईल. अध्यक्षांनी खालच्या प्रवेशदालनात लावायला एक भला मोठा टीव्ही आणूनही ठेवला होता. आता तो खात्याला जोडायचा कोणी, एवढाच प्रश्न उरला होता.

"त्यात काय, अर्ध्या तासाचं काम आहे," खांबाआडून आवाज आला. तो आपलाच आहे हे भाऊंना सगळ्यांच्या माना वळल्यावर कळलं.

हे वाक्य उच्चारणाऱ्याला कायद्याने शिक्षा असावी, असं भाऊंचं आता ठाम मत आहे. पण ते तोंडून निसटायला कारण होतं. पहिल्या रांगेत अप्पा बसले होते. अप्पा म्हणजे भाऊंचे वडील, वय एकोणऐंशी, चौतीस वर्षं तार ऑफिसात तारमास्तर. कट्ट-कडकट्ट ऐकून समोरच्या कागदावर सरळ शब्द उतरवणारा माणूस. तार बंद झाली, अप्पा निवृत्त झाले, आणि तेव्हापासून दर दोन-चार महिन्यांनी ते मुलाला विचारत, "तू नक्की करतोस तरी काय?" भाऊंनी समजावून पाहिलं, कागदावर बाण काढून पाहिले. अप्पा सगळं ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर सांगत, "मुलगा ना, खुर्चीवर बसतो." भाऊंना ते फार लागायचं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला असं वाटणं बरं दिसत नाही, पण आपण काय करतो ते अप्पांनी एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तो टीव्ही त्यांना त्यासाठीच पाठवलेला वाटला.

प्रोग्रॅम रविवारी सकाळी लिहून झाला. खरोखर अर्धा तासही लागला नाही. उद्घाटनाला सगळी इमारत खाली जमली. अध्यक्षांनी पडद्यावर आपल्या घरची एक चादर टाकली होती, ती त्यांनी दोन शब्द बोलून ओढली. पडद्यावर हातभर उंचीची अक्षरं झळकत होती:

à¤ªà¤¾à¤£à¥€

आणि त्याखाली याच घराण्यातल्या आणखी दोन ओळी.

अध्यक्ष म्हणाले, "फ्रेंच असावं. ए वर अशी तिरकी रेघ फ्रेंचमध्ये असते." यावर दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी, आपल्या इमारतीत फ्रेंच कोणाला येतं, अशी गंभीरपणे चौकशी सुरू केली. भाऊंच्या बायकोने भाऊंकडे पाहिलं नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर कधी पाहू नये हे कळतं. अप्पा मात्र चष्मा कपाळावर चढवून पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि तिथेच उभे राहिले.

काय झालंय ते भाऊंना पहिल्याच क्षणी कळलं होतं. संगणक अक्षरं पाठवत नाहीत, आकडे पाठवतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे एका तक्त्यावरून ठरतं, आणि असे तक्ते जगात अनेक आहेत. म्हणून उत्तराच्या वर एक लेबल असतं: हे अमुक तक्त्याने वाचा. पाणी खात्याने मजकूर पाठवला होता जगातल्या सगळ्या लिप्यांच्या तक्त्यातून, आणि वर लेबल डकवलं होतं युरोपातल्या अक्षरांच्या तक्त्याचं. डब्यावर नाव साखरेचं आणि आत मीठ. भाऊंचा सरळमार्गी प्रोग्रॅम लेबल वाचून चहात मीठ घालत होता.

"मग मीठ आहे हे कळलंय ना तुम्हाला?" बायकोने जेवताना विचारलं. "मीठ म्हणून वापरा की."

"तसं करता येतं. पण करायचं नसतं. चूक जिथे झाली तिथेच ती दुरुस्त व्हायला हवी." ऑफिसात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला भाऊ हे वाक्य पहिल्या दिवशी ऐकवत. ते म्हणताना त्यांचा आवाज थोडा खर्जात जाई.

"न्हाणीघरातला नळ चार महिने गळतोय," बायको म्हणाली. "तो कुठे दुरुस्त व्हायला हवा, तेही एकदा ठरवा."

इमारतीनेही सल्ले द्यायला कमी केलं नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, पडदा दुपारभर बंद ठेवा, त्यालाही पाठ टेकायला नको का. अध्यक्षांनी टेप आणून अक्षरांची उंची मोजली आणि ती वहीत नोंदवून ठेवली, पुढे लागेल म्हणून. फक्त दंतवैद्यांनी भाऊंची बाजू उचलून धरली. "वरवर भरून काही होत नाही. मुळापर्यंतच जावं लागतं," ते म्हणाले. हा सल्ला त्यांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला फार महागात पडतो हे भाऊंना ठाऊक होतं, पण त्या आठवड्यात तेवढा एकच आधार होता. त्यांनी रजा टाकली आणि पाणी खात्यात गेले.

चार नंबरच्या खिडकीतल्या कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं आणि आपला पडदा भाऊंकडे वळवला. तिथे सुबक, स्वच्छ मराठीत उद्याची वेळ लिहिलेली होती. "आमच्याकडे तर बरोबर दिसतंय," तो म्हणाला. त्याचा संगणक लेबल न वाचता अंदाजाने वाचण्याइतका बेरकी होता. भाऊ समजावू लागले तशी मागची रांग खाकरू लागली. शेवटी कारकून म्हणाला, "तक्रार घेतो. विषय सांगा. पाणी न येणे, दाब कमी, गढूळ पाणी, गळती. यातलाच एक लागतो."

"यातलं काहीच नाही. अक्षरं नीट दिसत नाहीत."

कारकुनाने क्षणभर विचार केला. "नीट दिसत नाही म्हणजे गढूळच की," असं म्हणून त्याने कळ दाबली. भाऊंच्या मोबाइलवर पोच आली. तीत तक्रारीचा नंबर होता, आणि बाकी सगळी प्रश्नचिन्हं.

चौथ्या दिवशी खात्याचा माणूस बाटल्या घेऊन दारात हजर. त्याने तीन घरांतलं पाणी भरून घेतलं, प्रत्येक बाटली उजेडात धरली, आणि मावशींना पोटाबद्दल चार खाजगी प्रश्न विचारले. आठवड्याने कागद आला: पाणी पिण्यास योग्य, तक्रार निकाली. भाऊ पुन्हा खिडकीवर. निकाली निघालेली तक्रार पुन्हा नोंदवता येत नाही, असं कारकुनाने हळहळत सांगितलं, आणि मदत म्हणून या वेळी 'गळती' लिहिलं. तीन दिवसांनी माणसं आली आणि त्यांनी फाटकाशी पुरुषभर खड्डा खणला. गळती सापडली नाही म्हणून ती निघून गेली. खड्डा मात्र राहिला. त्याला इमारतीत 'भाऊंचा खड्डा' म्हणू लागले. येणाऱ्या पाहुण्यांना पत्ता सांगताना लोक तसं सांगत. भाऊ रोज ऑफिसला जाताना त्या खड्ड्याला वळसा घालत आणि रोज थोडे अधिक थकत. तिसरी तक्रार त्यांनी केली खरी, विषय 'दाब कमी'. तो निदान त्यांच्या स्वतःच्या बाबतीत खोटा होता.

या सगळ्या काळात इमारतीला पाणी मिळत होतं, आणि ते अप्पांमुळे मिळत होतं.

अप्पा रोज संध्याकाळी सहाला खाली जात, पडद्यासमोर पहारेकऱ्याचं स्टूल घेऊन बसत आणि एका पाठकोऱ्या वहीत ती चिन्हं उतरवून घेत. पहारेकरी, ज्यांना सगळे मामा म्हणत, शेजारी उभे राहून पेन्सिलीला टोक काढून देत. चौथ्या दिवशी अप्पांनी भाऊंना सांगितलं, "पहिली दोन चिन्हं नुसता घसा साफ करतात. तिसरं बोलतं. पण दुसऱ्याकडे लक्ष ठेवायचं. ते बदललं की तेच तिसरं वेगळं बोलतं." भाऊ थक्क झाले, कारण ते अगदी खरं होतं, आणि ते स्वतः हे पुस्तकातून शिकले होते. शब्द रोज तेच असतात, बदलतो तो आकडा, हे अप्पांनी ताडलं. मग पाणी येईल तेव्हा घड्याळ बघायचं आणि आदल्या संध्याकाळच्या चिन्हासमोर वेळ लिहायची. दोन आठवड्यांत वहीत तक्ता तयार. गोलातला इंग्रजी सी म्हणजे तीन. गोलातला आर म्हणजे आठ. दुहेरी कंस म्हणजे पाच.

बघता बघता सगळी इमारत ती भाषा बोलू लागली. "मामा, उद्या कधी?" "दुपारी गोलातल्या सीला येणार, लवकर भरून घ्या." दंतवैद्य पेशंटना फोनवर सांगत, "गोलातल्या आरच्या आधी येऊ नका, चूळ भरायला पाणी नसतं." अप्पांची पाठ सरळ झाली. ते दुपारी दाढी करू लागले. सुनेला म्हणाले, संध्याकाळचा चहा साडेपाचलाच दे, सहाला माझी ड्यूटी असते.

भाऊ ऑफिसातून परतत तेव्हा दालनात कोणी ना कोणी भेटेच. "अप्पा आहेत म्हणून निभावतंय हो," असं म्हणून ते पडद्याकडे, मग भाऊंकडे बघत. भाऊंना बापाचं कौतुक वाटे आणि स्वतःचा मान गेल्याचं दुःखही होई. ही दोन्ही एकाच पिशवीत घेऊन ते लिफ्टने वर जात. आपण काय करतो हे अप्पांना दाखवायला निघालो होतो, आणि आपण काय बिघडवतो हे त्यांना रोज सहा वाजता दिसतंय, असं त्यांनी एकदा बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, ते खूश आहेत, तेवढं बघा. तेही खरंच होतं.

मग तो मंगळवार आला. पडद्यावर घसा साफ करणारी दोन चिन्हं आली आणि पुढे काहीच नाही. नुसती मोकळी जागा. मग 'ते'ची रोजची चिन्हं, मग गोलातला आर. अप्पांनी वही पाहिली. सातसमोरची जागा कोरी होती, कारण आजवर पाणी सातला कधी आलंच नव्हतं. पण तिसरं चिन्हच नसेल तर ताडायचं कशावरून? "संदेश तुटलाय," ते मामांना म्हणाले. त्यांनी खात्याला फोन लावला, तो वाजत राहिला. तार ऑफिसचा नियम अप्पांच्या हाडात मुरलेला होता: अर्ध्या तारेवर कृती करायची नाही, पुन्हा मागवायची. मामांना त्यांनी तसंच बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाणी आलं, तासभर राहिलं आणि आठला गेलं. मामांनी पंप लावला नव्हता.

दहा वाजता गच्चीवरच्या टाक्या कोरड्या पडल्या. अध्यक्ष निम्म्या चेहऱ्याला साबण लावलेले तसेच जिन्यात आले. दंतवैद्यांकडे एक पेशंट तोंडात कसली तरी पेस्ट घेऊन अर्धा तास मान हलवत बसला. एरवी हा सगळा राग भाऊंवर निघाला असता, आणि भाऊ त्यासाठी दारात तयार उभेही होते. पण अध्यक्ष त्यांना ओलांडून आत गेले आणि मऊ आवाजात म्हणाले, "अप्पा, तुमची काही चूक नाही. वय होतं माणसाचं. आता हे राहू द्या."

रागावले असते तर अप्पांनी उत्तर दिलं असतं. त्यांनी वही मिटली, उशीखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सहा वाजले तरी खाली गेले नाहीत. जेवताना अर्धी पोळी तशीच ठेवून उठले. "चौतीस वर्षांत माझ्या हातून एक शब्द गळला नव्हता," एवढंच म्हणाले.

भाऊंनी लॅपटॉप उघडला आणि मंगळवारचं उत्तर, खात्याकडून आलेले मूळ आकडे, एकेक करून तपासले. मग ते अप्पांच्या खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेला बसले.

"अप्पा, सात आला होता."

अप्पा वळले नाहीत.

"तुमचा संदेश पुरता होता. त्या युरोपच्या तक्त्यात आपल्या सातच्या जागी एक भलतंच चिन्ह आहे. लांब शब्द ओळीच्या शेवटी तोडायचा असला तरच ते दिसतं. एरवी ते असतं, पण दिसत नाही. तुम्हीच काय, कोणालाच दिसलं नसतं."

अप्पा उठून बसले. "म्हणजे गळला नाही."

"नाही. पडद्याने गिळला."

अप्पांनी उशीखालून वही काढली आणि सातसमोर नीट अक्षरात लिहिलं, 'दिसत नाही'. भाऊंनी ते वाचलं आणि वीस वर्षांचं तत्त्व त्यांनी तिथल्या तिथे सोडून दिलं. चूक कुठेही होवो, ती इथेच दुरुस्त करू, असं ठरवून ते उठले.

अर्थात तत्त्व सोडलं तरी अभिमान सुटत नाही. खात्याचं लेबल सरळ धुडकावून लावलं असतं तर एका ओळीत काम झालं असतं. पण आपण लेबलाला हात लावला असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून भाऊंनी आडवाट काढली. लेबल म्हणतं तसंच आधी वाचायचं, मग आलेली वेडीवाकडी अक्षरं उलटी फिरवून त्यांचे पुन्हा आकडे करायचे, आणि ते आकडे खऱ्या तक्त्याने वाचायचे. दुसऱ्या दिवशी पडद्यावर शुद्ध मराठी. लोक थांबून वाचत. अप्पाही वाचून आले आणि म्हणाले, छान दिसतंय. भाऊंना दोन रात्री शांत झोप लागली. पुढे बराच काळ या दोन रात्रींवरच त्यांना भागवावं लागलं.

कारण तिसरी तक्रार कुठून कुठून फिरत पाणी खात्यातल्या एका इंजिनिअर बाईंच्या टेबलावर पोचली होती. बाई हुशार होत्या. 'दाब कमी' या मथळ्याखाली खरं काय आहे ते त्यांना दोन मिनिटांत कळलं आणि त्यांनी लेबल बदलून बरोबर केलं. झालं. आता उत्तर सरळ येत होतं आणि भाऊंचा प्रोग्रॅम त्या सरळ अक्षरांना इमानेइतबारे उलटं फिरवत होता. युरोपच्या तक्त्यात मराठी अक्षरं नाहीतच, त्यामुळे प्रत्येक अक्षराचं झालं प्रश्नचिन्ह. पडदाभर नुसती प्रश्नचिन्हं.

अप्पांनी पडद्यापुढे पाच मिनिटं उभं राहून मान हलवली. "आधी निदान कोणीतरी बोलत होतं. यात काहीच उरलेलं नाही रे," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं तंतोतंत बरोबर होतं. वाकडं झालेलं अक्षर सरळ करता येतं. प्रश्नचिन्ह झालेलं परत येत नाही.

भाऊंनी आपली आडवाट काढून टाकली. पण ते काही शहरातले एकटे भाऊ नव्हते. प्रत्येक इमारतीत एक भाऊ असतो, आणि अशा एकतीस इमारतींतल्या एकतीस भाऊंनी हीच आडवाट घातलेली होती. त्या सगळ्यांच्या पडद्यांवर प्रश्नचिन्हं उमटली आणि एका दुपारी एकतीस तक्रारी गेल्या. बाईंच्या साहेबांनी त्यांना जुनं लेबल परत लावायला लावलं. भाऊंच्या पडद्यावर पुन्हा फ्रेंच. भाऊंनी आडवाट परत घातली, तोवर बाईंनी साहेबांना पटवून लेबल पुन्हा सुधारलं होतं. अरुंद जिन्यात दोघं समोरासमोर येतात, एक डावीकडे सरकतो तर दुसराही तिकडेच, तसा हा प्रकार आठवडाभर चालला. ऑफिसात भाऊंना कोणीतरी विचारलं, बरं नाही का. भाऊ म्हणाले, बरं आहे, आणि खुर्चीत डोळे मिटून घेतले.

"त्या बाईंशी बोललास का तू?" अप्पांनी विचारलं.

"तीन अर्ज केलेत."

"अर्ज नव्हे. बोललास का?"

दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं हे सांगून पोट भरणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. शनिवारी बापलेक दोघं पाणी खात्यात गेले.

बाईंचं टेबल तिसऱ्या मजल्यावर, कपाटाच्या मागे होतं. टेबलावर तक्रारींचा ढीग आणि त्यामागे भाऊंइतकाच थकलेला चेहरा. "बसा," त्या म्हणाल्या. "माझी चूक असेल तर आधीच माफी मागते, म्हणजे वेळ वाचेल." भाऊंना त्या क्षणी त्यांच्याबद्दल सख्ख्या बहिणीसारखी माया वाटली. दोघांनी एकमेकांना पाच मिनिटांत सगळं सांगितलं. दोघंही बरोबर होते, आणि त्यामुळेच गाडं अडलं होतं. बाई म्हणाल्या, "मी लेबल कधीही नीट करीन हो. पण एकतीस इमारती त्याच क्षणी बदलणार कशा?"

अप्पा खाकरले. "आमच्याकडे संकेत बदलायचा असला की आधी सगळ्या ठाण्यांना कळवायचं. अमुक दिवशी, अमुक वाजता. त्या मिनिटापर्यंत जुनं, त्यानंतर नवं. मधे कोणी शहाणपणा करायचा नाही. आणि बदललं की प्रत्येक ठाण्याने पोच द्यायची. शेवटची पोच येईतो तारमास्तराने खुर्ची सोडायची नाही."

बाईंनी पेन उचललं. "पुन्हा सांगता का? सावकाश," त्या म्हणाल्या आणि लिहून घेऊ लागल्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "हे सगळं ठीक आहे. पण एकतीस ठिकाणी फोन कोण करणार? मी एकटीच आहे."

"यादी द्या," अप्पा म्हणाले.

पुढचा आठवडाभर अप्पा सकाळी दहा ते पाच फोनपाशी होते. एकतीस इमारती, एकतीस भाऊ. कोणी कॉलेजात शिकवणारे, कोणी औषधाच्या दुकानातले, एक तर वकील होत्या. प्रत्येकाला अप्पा तेच, त्याच शब्दांत, त्याच संथ आवाजात सांगत आणि मग त्यांच्याकडून वदवून घेत. वकीलबाईंनी हे लेखी मागितलं तेव्हा अप्पांनी ते टपालाने पाठवलं. एका इमारतीचे भाऊ आजारी होते, म्हणून त्यांच्या बायकोला त्यांनी कुठली ओळ पुसायची ते सांगून ठेवलं. कुठली ओळ ते आधी मुलाकडून समजून घेतलं. रोज संध्याकाळी ते दमून आलेल्या भाऊंना चपला काढायला वेळही न देता विचारत, "हे मला पुन्हा एकदा सांग. तिकडून निघतं तेव्हा काय असतं?" आणि भाऊ सांगत. या वेळी बाण काढावे लागले नाहीत.

रविवारी, सकाळी अकराला ठरलं होतं. बाई सुट्टी असून ऑफिसात आल्या होत्या. भाऊ जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. शेजारी अप्पा, एका कानाला बाईंशी जोडलेला फोन आणि पुढ्यात वही. दारात अध्यक्ष, दंतवैद्य, मावशी. अप्पा घड्याळाकडे बघत फोनवर म्हणाले, "तयार?" मग मुलाकडे बघून तेच विचारलं. भाऊंनी मान डोलावली. "आता," अप्पा म्हणाले.

भाऊंनी कळ दाबली. खालून मामांनी जिन्यातून ओरडून वाचून दाखवलं: उद्या पाणी दुपारी चार ते सहा. मावशी म्हणाल्या, गोलातलं वाचायला सोपं होतं, आणि घरी गेल्या. दंतवैद्य म्हणाले, मूळ निघालं शेवटी. अध्यक्ष अक्षरांची उंची मोजायला खाली उतरले.

अप्पा मात्र हलले नाहीत. पोच येऊ लागल्या. एकेका इमारतीचा फोन आला की ते वहीत बरोबरची खूण करत. बारापर्यंत सव्वीस. एकपर्यंत तीस. एकतिसावी येईना. सुनेने ताट वाढलं, ते निवलं. भाऊ म्हणाले, "अप्पा, चालेल आता." अप्पांनी नुसता हात वर केला. दोन वाजायला दहा मिनिटं असताना त्या आजारी भाऊंच्या बायकोचा फोन आला, बदललं, दिसतंय. अप्पांनी शेवटची खूण केली, वही मिटली आणि चष्मा काढून डोळे चोळले.

"हेच करतोस तू?" त्यांनी विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोज, अप्पा."

"तिकडचा एक बोलतो, इकडच्याला कळत नाही, आणि मधे तू."

"हो."

अप्पांनी मुलाकडे पाहिलं. "दमत असशील," ते म्हणाले.

नोकरीच्या इतक्या वर्षांत हे भाऊंना कोणी म्हटलं नव्हतं. "दमतो," एवढंच ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

जेवण झाल्यावर भाऊ बाहेरच्या खोलीत आडवे झाले आणि पाठ टेकताक्षणी घोरू लागले. तीनच्या सुमारास फोन वाजला. पलीकडच्या इमारतीचे भाऊ होते, त्यांच्या पडद्यावर तारीख उलटी येत होती. भाऊंची बायको त्यांना उठवायला निघाली, पण तिला हाताने थांबवून अप्पांनी फोन घेतला, वहीचं कोरं पान काढलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ते झोपलेत. मी त्यांच्याच खात्यातला आहे, बोला."